आमच्या ह्यांचा नवा लॅपटॉप

आमचे हे चष्म्याच्या दुकानात काम करतात. दिवसभर लोकांच्या कानांमागे दांड्या बसवायच्या आणि शनिवारी संध्याकाळी हॉटेलच्या जेवणघरात कीबोर्ड वाजवायचा. त्यांच्या शेजारी उभी राहून मी गाते. लेक लहान होती तेव्हापासून हे चाललंय. आता ती कॉलेजात आहे, आणि आम्हाला बघून लाज वाटण्याचं तिचं वयही उलटून गेलंय.

आमचा कीबोर्ड म्हणजे नुसत्या पट्ट्या. आवाज निघतो तो त्याला जोडलेल्या लॅपटॉपमधून, आणि ठेकाही तोच धरतो. जुना लॅपटॉप थकला होता. गाण्याच्या मधेच त्याचा पंखा असा घरघरायचा की पहिल्या टेबलावरची माणसं छताकडे बघायची. शेवटी ह्यांनी नवा घ्यायचं मनावर घेतलं आणि घरात दुसरा विषय उरला नाही.

दुकानातला विक्रेता रंग आणि चकचकीत पडदा दाखवत होता. ह्यांनी लॅपटॉप उचलला आणि सरळ त्याच्या पोटाला कान लावला. विक्रेत्याला वाटलं, गिऱ्हाईक चेष्टा करतंय. मग ह्यांनी पिशवीतून आपला कीबोर्ड काढला, आपलं सॉफ्टवेअर त्यावर चढवायला लावलं, आणि दहाही बोटांनी पट्ट्या दाबून आवाज कुठे फुटतो का ते ऐकलं. असे चार-पाच नापास केले. आमचं लग्न ठरलं तेव्हा त्यांनी मला इतकं निरखून पाहिलं नव्हतं. शेवटी जो पसंत पडला तो सगळ्यांत कुरूप होता. "दिसण्याशी काय करायचंय?" म्हणाले.

घरी आल्यावर त्याला शिस्त लावणं सुरू झालं. इंटरनेट बंद, आपोआप येणारे अपडेट बंद, बॅटरी वाचवायची काटकसर बंद, मधेच झोपायची सवय बंद. ज्याचं गाण्यात काम नाही त्याने मधे तोंड घालायचं नाही, असा नियम. मग आली साठ्याची गोष्ट. आवाज बाहेर सोडण्याआधी कॉम्प्युटर तो जरासा साठवून घेतो. साठा मोठा ठेवला तर पट्टी दाबल्यावर आवाज उशिरा येतो, फार लहान ठेवला तर तो तुटतो. जुन्या लॅपटॉपवर मोठाच ठेवावा लागायचा. नव्यावर ह्यांनी तो कमी कमी करत तळाला नेला, तरी आवाज अखंड. "बोट टेकलं की वाजतोय," म्हणाले. लेक झाली तेव्हा ते इतके खूश होते की नाही, मला आठवत नाही.

पहिल्याच शनिवारी गाणं बसेना. कुठे काय अडतंय तेच कळेना. माझ्या प्रत्येक ओळीला काहीतरी खडा लागत होता. दुसऱ्या शनिवारीही तेच. तिसऱ्या शनिवारी, हॉटेलच्या मागच्या जिन्यात तारा गुंडाळताना, हे माझ्याकडे न बघता म्हणाले, "तू मागे पडतेस हल्ली."

आयुष्यात हे वाक्य मी त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं. स्वयंपाकाला नावं ठेवली असतील, माझ्या माहेरच्यांना तर हमखास, पण गाण्याला कधी नाही. पन्नाशी उलटली की श्वास कमी पडतो, हे मी ऐकून होते. वाटलं, आली आपली वेळ. त्यानंतर मी गायला उभी राहिले की चोरासारखी उभी राहायची. ओळ लवकर उचलायला गेले की शब्द अडखळायचे. पाण्याचा जग घेऊन फिरणारा वेटरसुद्धा माझ्याकडे कीव आल्यासारखा बघतोय असं वाटायचं.

शेवटी मीच मॅनेजरला गाठलं आणि म्हटलं, "येत्या शनिवारनंतर मी थांबते. दुसरं कोणी बघा."

"असं होय? बरं," तो म्हणाला. थोडा तरी आग्रह करेल असं मला वाटलं होतं.

घरी ह्यांना सांगितलं. रविवारी दुपारी ते म्हणाले, "नुसत्या ठेक्यावर म्हणून बघ. मी वाजवत नाही. नेमकी कुठे मागे पडतेस ते ऐकतो." मला रडू येत होतं, तरी म्हटलं. हे खुर्चीत डोळे मिटून बसले होते. गाणं संपलं तरी डोळे उघडेनात.

"परत म्हण."

परत म्हटलं. मग ते उठले, लेकीच्या खोलीतून जुना लॅपटॉप आणला, कीबोर्ड त्याला जोडला आणि त्याच ठेक्यावर वाजवलं. चोख. मग नव्याला जोडला. प्रत्येक सूर ठेक्याच्या जरासा आधी पडत होता.

जुन्यावर आवाज उशिरा यायचा, म्हणून इतकी वर्षं ह्यांची बोटं आधीच पळत होती. त्यांना स्वतःलाही त्याचा पत्ता नव्हता. नव्यावर आवाज लगेच येऊ लागला, पण बोटं पळायची थांबली नाहीत. मी ठेक्याला धरून गायची, हे माझ्या पुढे, आणि लोकांना वाटायचं बाई मागे राहिली.

ह्यांचा स्वभाव असा, की दूध उतू गेलं तर चूक पातेल्याची. मी वाट बघत होते, आता कोणावर ढकलतात.

"मी पळत होतो," ते म्हणाले. "तू जागेवरच होतीस."

मला आनंद व्हायला हवा होता. मला भयंकर राग आला. मी स्वयंपाकघरात गेले आणि स्वच्छ भांडी पुन्हा घासली.

शनिवारी त्यांनी नव्या लॅपटॉपचा साठा वाढवून त्याला जुन्याइतका संथ केला. बोटांची सवय एका आठवड्यात सुटणार नव्हती. पहिलं गाणं अगदी पाण्यासारखं गेलं. मॅनेजर हसत पुढे आला. "ताई, आज मस्त. विश्रांती घेतलीत वाटतं. मग सोडताय कशाला?"

काय सांगणार? खरं सांगावं तर चारचौघांत नवऱ्याची मान खाली. मी ग्लासातलं पाणी पीत राहिले.

ह्यांनी माझ्यासमोरचा माइक काढून घेतला. "गेले काही शनिवार गाणं बिघडलं होतं, ते माझ्यामुळे," ते म्हणाले. "मी आधी वाजवत होतो. ह्यांचं बरोबर होतं."

जेवणारे गोंधळून बघत राहिले. एक आजोबा सूप पीत राहिले. कोणाला काही कळलं नाही, आणि कळायची गरजही नव्हती. माइक परत जागेवर आला, दुसऱ्या गाण्याचा ठेका सुरू झाला, आणि मी ह्यांच्याकडेच बघत राहिले. पहिली ओळ उचलायची जागा आली आणि गेली. त्या दिवशी मी खरोखरच मागे पडले.

ह्यांनी हात पुढे करून ठेका बंद केला. पट्ट्यांवर हात न ठेवता ते माझ्याकडे बघत बसले. घाई कर, अशी खूण नाही, काही नाही. मी डोळे पुसले, पुरता श्वास घेतला आणि गायला लागले. मग त्यांनी माझ्यामागून वाजवायला सुरुवात केली.