रोमन पाटावरची पाणीचोरी

हसायचं नाही हं, आधीच सांगून ठेवतो! घोटाळा मी केला, कबूल. पण सगळी चूक माझी? अजिबात नाही. आजही आठवलं की डोकं तापतं माझं.

एकोणीसशे साठच्या आसपासची गोष्ट. मी जर्मनीत पीएचडी करत होतो. विषय, मातीची धरणं का फुटतात. स्कॉलरशिप संपत आलेली, ती वाढवायला प्रोफेसरांची सही हवी. नाहीतर गाशा गुंडाळून परत कोपरगाव!

अशात प्रोफेसर म्हणाले, "हेर काळे," हेर म्हणजे त्यांच्याकडचं श्रीयुत, "रविवारी आमच्या गावी जेवायला या. कोलोनहून बस मिळते. माझी बायको तुम्हाला एक गंमत दाखवेल. सहीचंही तिथेच बोलू."

गंमत! कसली गंमत, ते आधी सांगायला काय जात होतं या माणसाचं?

जर्मन माणसाकडे उशीर नको म्हणून मी चांगला तासभर आधी पोचलो. इतक्या लवकर दार कसं वाजवणार? म्हणून शेतातून फिरायला निघालो. बघतो तर समोर पाट! दगडी बांधणीचा, आतून गुळगुळीत गिलावा केलेला, देखणा पाट. आणि त्याच्या मधोमध आडवा मातीचा बांध! एका बाजूला आठवडाभराच्या पावसाचं पाणी तुंबलेलं, दुसरी बाजू ठणठणीत कोरडी.

माझं टाळकंच सटकलं. अहो, आमचे वडील, अण्णा, प्रवरेच्या कालव्यावर पाटकरी, पाळीनं पाणी सोडणारे! लोक असाच गुपचूप बांध घालून पाणी आपल्या उसाकडे वळवायचे आणि खालच्या शेतकऱ्यांच्या शिव्या खायचे अण्णा. पाणीचोरी मला लांबून ओळखू येते.

"म्हणजे इथेही हेच धंदे?" मी एकटाच ओरडलो. "आणि शिस्त आम्हाला शिकवता होय रे?"

शेजारीच फावडं पडलेलं. चोरी करून वर हत्यारही तिथेच टाकून गेलेत, केवढा हा माज! मी कोट काढला, बाह्या सारल्या आणि लागलो कामाला. ओलीच माती ती, किती वेळ टिकणार? बांध फुटला, पाणी जे सुसाट सुटलं! मला अण्णांची आठवण येऊन अगदी भरून आलं हो.

तेवढ्यात खालच्या वळणाकडून किंकाळी.

धावत गेलो. पाटात गुडघे टेकून, हातात मोजायची टेप धरून आमचे प्रोफेसर बसलेले. कमरेपर्यंत चिखल! काठावर त्यांच्या पत्नी, हातात ब्रश.

"बांध कोणी फोडला?" बाई कडाडल्या.

"मी!" मी छाती काढून म्हणालो. "काळजी करू नका, कोणीतरी तुमचं पाणी अडवलं होतं."

"पाणी? रोमन लोक गेल्यापासून या कालव्याला पाणी नाही! आम्ही उत्खनन करतोय इथे. ती मातीची भिंत मी मुद्दाम राखली होती. शेकडो वर्षांत एकावर एक साचलेले थर होते तिच्यात. उद्या त्यांचं चित्र काढायचं होतं मला!"

माझ्या पायाखालची जमीन सरकली. सही गेली, स्कॉलरशिप गेली, आता अण्णांना तोंड कसं दाखवू?

पण मला सांगा, तिथे पाटी नको? साधं कुंपण नको? आणि ते रोमन! दोन हजार वर्षांपूर्वीचं बांधकाम म्हटल्यावर जरा पडकं-बिडकं दिसायला नको का? आमच्याकडे नवा पाटसुद्धा पहिल्याच उन्हाळ्यात तडकतो. मी ओळखायचं कसं?

हात जोडून शंभरदा माफी मागितली. तरी बाईंनी जेवायला बसवलंच. मी मान खाली घालून ताटातले बटाटे खात राहिलो. शेवटी कपडे बदलून आलेल्या प्रोफेसरांनी खिशातून पेन काढलं.

"हेर काळे, तुमचा विषय मातीची धरणं का फुटतात, हाच ना?"

"हो, हेर प्रोफेसर," मी पुटपुटलो.

"मग सही करतो. काम झपाट्यानं होईल तुमचं," ते म्हणाले. "पहिलं कारण माझ्यासमोरच बटाटे खात बसलंय!"