एका उडीचे दोन धनी

आमच्या खोडदला एका सिनेमाचं शूटिंग झालं होतं, मी जन्मायच्या आधी. विनोदी सिनेमा. सगळा महाराष्ट्र त्यातल्या नटाच्या चोरट्या चालीवर आणि खोट्या मिशीवर पोट धरून हसला. आमच्या गावाने मात्र त्या नटाकडे कधी नीट पाहिलंच नाही. आम्ही त्याच्या मागे पाहत होतो. तो विहिरीवर गाणं म्हणायला लागला की कुणीतरी सांगायचं, ती विहीर आता बुजवली. पोलीस त्याच्या मागे धावायला लागले की मागच्या रानातला कांदा कुणाचा, यावर बोलणं सुरू व्हायचं. सिनेमाला त्याचं खरं नाव आहे. गावात तो ‘बैलाचा सिनेमा’ म्हणूनच चालतो, कारण त्यातला बैल आमचा होता.

गोष्ट साधी आहे. शहरातला एक भुरटा चोर पोलिसांना चुकवत खेड्यात येतो आणि लोक त्याला जनावरांचा डॉक्टर समजतात. तो एका आजारी बैलाला तपासायला जातो, नको त्या बाजूने. बैल त्याला उडवतो आणि तो गोठ्याच्या पत्र्यावरून कडब्याच्या गंजीत जाऊन पडतो. ही ती प्रसिद्ध उडी. शूटिंगच्या दिवशी नटाची कंबर धरली होती, म्हणून त्याचे कपडे गावातल्या एका तरुणाला घातले आणि त्याला पत्र्यावरून गंजीत पडायला लावलं. तो तरुण म्हणजे माझे वडील. किंवा माझा मामा.

अगदी लहानपणी मी ऐकलं तेव्हा दोघांनीही उड्या मारल्या होत्या, यावर दोघांचं एकमत होतं. आप्पांच्या मते मामाची उडी सरावाची आणि त्यांची खरी. मामाच्या मते उलट. पुढे वर्षं गेली तसतसा समोरच्याचा वाटा कमी होत गेला. मी शाळेत जायला लागले तोवर आप्पांच्या सांगण्यात मामा नुसता पत्र्यावर चढून घाबरून उतरला होता. मी कॉलेजात गेले तेव्हा तो खाली बैल धरून उभा होता. माझ्या लग्नापर्यंत तो त्या दिवशी खोडदला आलेलाच नव्हता, लोणीला आपल्या घरी कांद्याला पाणी देत होता. मामाच्या सांगण्यात आप्पांचीही हीच गत झाली. राहत्या गावातून त्यांना हलवता येत नव्हतं, म्हणून मामाने त्यांना ताप आणला.

पुरावे दोघांकडेही होते. आप्पांचा डावा हात खांद्याच्या वर जात नाही. मामाचा पुढचा एक दात अर्धा आहे. गावातली बाकीची माणसं साक्षीला काही उपयोगाची नव्हती, कारण शूटिंगच्या दिवशी ती सगळी नटीकडे बघत होती.

आई या वादात कधी पडली नाही. एका बाजूला नवरा, दुसऱ्या बाजूला भाऊ. शूटिंगच्या वेळी तिच्या लग्नाला वर्षही झालेलं नव्हतं आणि मामा तिला माहेरी न्यायला आला होता. टीव्हीवर सिनेमा लागला की उडी यायच्या आधी ती चहा ठेवायला उठायची. त्यात काय बघायचं, म्हणायची.

तुम्हाला हा सगळा पोरकटपणा वाटेल. मलाही वाटतो. पण आमच्या आप्पांनी आयुष्यात कांदा आणि ऊस सोडून दुसरं काही केलेलं नाही. ते निवडणुकीला उभे राहिले नाहीत, भजनात त्यांचा आवाज लागत नाही, आणि चार माणसांत बोलायची वेळ आली की ते टोपी काढून पुन्हा घालतात. त्यांच्या जवळ सांगण्यासारखी ही एकच गोष्ट होती. मला निमगाव साव्याला दिलं तेव्हा बैठकीत मध्यस्थाने माझं शिक्षण सांगायच्या आधी, मुलीचे वडील सिनेमात उडलेले आहेत, हे सांगितलं. सासरच्यांनी माना डोलावल्या. माझ्या शिक्षणाचा विषय मग निघालाच नाही.

आणि हा वाद मिटण्याची काही सोयच नव्हती. गावात जी कॅसेट होती ती टीव्हीवरून भरून घेतलेली. तिच्यावरून पुन्हा भरलेली कॅसेट मामाकडे. पुढे मोबाईलवर आला तोही असाच कुठल्या तरी कॅसेटवरून उचललेला. उडीच्या जागी काय दिसायचं, तर तपकिरी रंगाचं काहीतरी तपकिरी रंगाच्या कशात तरी पडायचं. ते आप्पा असू शकत होते, मामा असू शकत होता, आणि रागावून सांगायचं तर पोतंही असू शकत होतं.

या सिनेमाच्या चाहत्यांचा एक व्हॉट्सअॅप ग्रुप आहे. मी त्यात आहे. तिथली माणसं शिकलेली, शहरातली, संवाद तोंडपाठ असलेली. एके दिवशी तिथे बातमी आली, की सिनेमाची मूळ रिळं सापडली, ती साफसूफ करून घेतली आणि आता घरी बघायला नवीन डिस्क निघते आहे. ग्रुपवर दिवाळी झाली. नमुन्याचं एक चित्र आलं. त्यात नटाचा आजवर करडा वाटलेला कोट हिरवा निघाला. एका गृहस्थांनी लिहिलं, की हा हिरवा रंग बघायला आमचे बाबा हवे होते. मी ते चित्र बोटांनी मोठं करून पाहिलं. कोटाचा रंग कळत असेल तर कोटातला माणूसही कळणार होता.

मी कुणाला सांगणार नव्हते. पण लोणीतही मोबाईल आहेत. मामाचा मला फोन आला की सिनेमा धुऊन काढलाय म्हणतात, तू मागव, आता दूध का दूध होऊन जाऊ दे. तासाभराने आप्पांचा फोन आला. तेही तेच म्हणाले, पण हळू आवाजात, आणि शेवटी विचारलं, तोंड दिसंल का गं त्यात? मी म्हटलं, माहीत नाही. खरं म्हणजे मला त्यांची फार काळजी वाटत होती. मामाचीही वाटत होती. दोघांतला कुणीही खोटा पडला तरी ते मला नको होतं, आणि आईच्या घरात पुढचं प्रत्येक जेवण त्याच चवीचं होणार होतं.

डिस्क आली. ती लावायचं यंत्र आता कुणाकडे नसतं. निमगावातला एकजण लग्नाचं शूटिंग करतो. लोक हल्ली त्याच्याकडे डिस्क मागत नाहीत, पेनड्राइव्ह मागतात, त्यामुळे त्याचं यंत्र रिकामं होतं. ते घेऊन मी रविवारी खोडदला गेले. कार्यक्रम दुपारी ठेवला होता, कारण दिवस कलला की बिबट्याच्या धास्तीने लोक उठायला लागतात आणि सिनेमा अर्धवट राहतो. मामा लोणीहून इस्त्रीचे कपडे घालून आला, बरोबर चार माणसं, कोर्टात तारीख असल्यासारखी. आप्पांनी दाढी केली होती. दोघांनी एकमेकांना रामराम केला आणि टीव्हीच्या दोन बाजूंना बसले. मध्ये सगळी भावकी.

सिनेमा सुरू झाला. चित्र इतकं लख्ख होतं की काही क्षण कुणाला ओळखच पटेना. मागे रेडिओ दुर्बिणीची एकही अँटेना नव्हती. आता कुठूनही बघा, गावाच्या मागे त्या मोठाल्या डिशा असतात. तिथे नुसतं रान होतं आणि त्यावर ऊन. नट गाणं म्हणत होता, त्याच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. शेजारच्या काकांना गर्दीत त्यांचे वडील दिसले, तंबाखू थुंकताना. काका म्हणाले, मागं घे. मी मागे घेतलं. त्यांचे वडील पुन्हा थुंकले. काकांनी डोळे पुसले आणि म्हणाले, चालू दे आता.

मग बैल आला. आमचा बैल, एका शिंगाचं टोक तुटलेला, अंगावरचे केस मोजता येतील असा. आई चहा ठेवायला उठली, पण दारापर्यंत माणसांचे पाय होते. ती पुन्हा खाली बसली. 

नट बैलाच्या मागे गेला. बैलाने मान हलवली. हिरवा कोट पत्र्यावरून सुटला, हवेत वळला, आणि वळताना त्याचं तोंड सरळ आमच्याकडे झालं. अर्धी मिशी सुटलेली, तोंड उघडं. मी बटण दाबून चित्र थांबवलं. थांबवायला नको होतं.

तो नट होता. स्वतः नट. आप्पा नाहीत आणि मामाही नाही.

आई टीव्हीच्या जवळ सरकली. तिने नटाकडे बघितलंच नाही, ती त्याच्या खाली बघत होती. “ही गंज आपली न्हाई,” ती म्हणाली. “कडबा कुठंय ह्यो? भाताचा पेंढा हाय.”

मग सगळ्यांनाच दिसलं. आमच्याकडे बाजरी, ज्वारी. भात बघायचा तर जुन्नरच्या पश्चिमेला डोंगरात जावं लागतं, नाहीतर घाट उतरावा लागतो. पत्राही वेगळा होता, मागे नारळाचं झाड होतं. नटाची कंबर बरी झाल्यावर सिनेमावाल्यांनी उडी दुसरीकडेच कुठेतरी पुन्हा घेतली होती आणि खोडदला कळवायचं कुणाला सुचलं नव्हतं. मामाबरोबर आलेल्यांपैकी एकाने शांतपणे विचारलं, की मग हे दोघं कुठं पडले? मागे कुणीतरी खुसखुसलं.

आप्पांनी टोपी काढली. मला ते यंत्र उचलून विहिरीत टाकावंसं वाटलं. मग आठवलं की विहीर बुजवली आहे. मामा आपल्या इस्त्रीच्या पायजम्याकडे बघत होता. इतक्या वर्षांत मी त्याला इतका लहान झालेला पाहिला नव्हता. मला दोघांचीही फार दया आली आणि त्या डिस्क काढणाऱ्यांचा राग आला, ज्यांनी एवढा खर्च करून आमच्या घरातली एकुलती एक मोठी गोष्ट पुसून टाकली होती.

आप्पांनी टोपी पुन्हा घातली. “पावणं पडले व्हते,” ते म्हणाले. चार माणसांत, कुणी विचारलं नसताना. “मी खाली बैल धरून हुबा व्हतो. डोळ्यानं बघितलंय. दात तिथंच गेला त्यांचा.”

बैल धरायची ती जागा त्यांनी मधली काही वर्षं मामाला दिलेली होती. आता स्वतः तिथे जाऊन उभे राहिले.

मामाने मान वर केली. “दाजी माझ्या आदी पडले,” तो म्हणाला. “एकदा न्हाई, दोनदा. दुसऱ्या वेळंला खांदा गेला. मी व्हतो ना तिथं.”

लोणीचा कांदा आणि आप्पांचा ताप दोन्ही त्या दुपारी संपले. खुसखुसणारा गप्प बसला. मग दोघं बोलायलाच लागले, पण आता प्रत्येकजण दुसऱ्याची उडी सांगत होता. मामाने सांगितलं की दाजींनी पत्र्यावर पाच पावलं पळत येऊन उडी घेतली, डायरेक्टरसुद्धा टाळ्या वाजवायला लागला. आप्पा म्हणाले, पाच कसली, पत्राच तेवढा नव्हता. पण पावण्यांनी मात्र हवेत कोलांटी घेतली होती. मामा कोलांटीला नको म्हणाला नाही. सिनेमा तसाच थांबलेला होता, नट पेंढ्याच्या वर लटकून, आणि त्याच्याकडे कुणी बघत नव्हतं.

“अन् दर वेळंला ती इस्कटलेली गंज परत कोण रचत व्हतं?” आई म्हणाली.

ती रागावून बोलली नाही. मग तिने खालच्या आवाजात सगळं सांगितलं. माणूस पडला की गंज विस्कटायची आणि डायरेक्टर ओरडायचा की आटपा, ऊन चाललं. गावातले सगळे गडी नटीकडे बघत होते. सासूने तिला खूण केली. मग ती डोक्यावरचा पदर दातात धरून, एकेक पेंढी उचलून, गंज होती तशी रचून द्यायची. हात कापले होते. रचून झाली की तिला बाजूला हो म्हणायचे, चित्रात येऊ नको म्हणायचे. दुसऱ्या दिवशी भावाबरोबर ती माहेरी गेली तेव्हा हात झाकून गेली.

ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आले होते. तिच्यात गंज नेहमी असायचीच, उभी, नीट रचलेली. ती कुणी रचली हा प्रश्न मला कधी पडला नव्हता.

आप्पांनी आईच्या हातांकडे पाहिलं. मग लोणीच्या माणसांकडे वळले.

“हिनं रचली,” ते म्हणाले. “तीनदा. म्या बघितलंय.”

“म्या बी,” मामा म्हणाला.

आई चहा ठेवायला उठली. या वेळी सगळ्यांनी पाय आवरून तिला वाट दिली.