बारा गिधाडं आणि एक वेस

समस्त लहानथोरांस गंभीरपणे कळविण्यात येते की, रोम शहराच्या स्थापनेचा निकाल आमच्या गावच्या मारुतीच्या पारावर लागला, आणि त्यापायी दोन पाटलांची अब्रू जाता जाता राहिली. साक्षीदार मीच, आरोपीही मीच.

चकलांब्याजवळच्या त्या गावात मी शाळामास्तर होतो. गावची वेस एवढी अरुंद की गाडी आत येताना भिंतीचा चुना घेऊनच यायची. पोळ्याला तोरणाखालून आधी कोणाचा बैल जाणार, हा तिथला जुना तंटा. पाटलांची घरं दोन. मूळपुरुष जुळे. वरची आळी म्हणायची, आमचा आधी जन्मला. खालची म्हणायची, जन्मला असंल, पण गाव वसवताना जास्त बैल आमच्यानं जुंपले. मागल्या पोळ्याला डोकी फुटली, तेव्हा गेवराईहून तहसीलदाराचा हुकूम आला: यंदा ज्याचा बैल आधी जाईल त्याचाच मान कायम, मास्तरांनी तसं लिहून पाठवावं, काठ्या निघाल्या तर मान दोघांचाही बंद.

दोन्ही आळ्यांत गुपचूप काठ्यांना तेल लागू लागलं.

माझ्याकडे हैदराबादेहून आणलेलं रोमच्या इतिहासाचं उर्दू पुस्तक होतं. दिवेलागणीला पारावर बसून मी ते मराठीत सांगायचो, आवाज चढवून, हातवारे करून. त्या आठवड्यात मी मुद्दाम पहिलं प्रकरण काढलं. लांडगीनं पाजलेले दोन जुळे भाऊ. शहर वसवायचंय, पण मोठा कोण ते ठाऊक नाही. मग ठरलं, आकाशातल्या पक्ष्यांनी कौल द्यावा. एकाला सहा गिधाडं दिसली, आधी. दुसऱ्याला बारा दिसली, नंतर.

एवढं सांगून मी पुस्तक मिटलं आणि घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी गावात नांगर कमी आणि गिधाडं जास्त चालली. वरची आळी सहाच्या बाजूची, खालची बाराच्या. न्हाव्याकडं, विहिरीवर, जिथं तिथं तेच. संध्याकाळी पारावर बसायला जागा उरली नाही. मी पुढचं सांगितलं. बारावाल्यानं भिंत घातली. सहावाल्यानं थट्टेनं तिच्यावरून उडी मारली, आणि बारावाल्यानं सख्ख्या भावाला तिथंच ठार केलं.

मग वरच्या आळीच्या पाटलानं विचारलं, हे लिहिणाऱ्यानं डोळ्यांनी पाहिलं होतं का. मी म्हणालो, नाही, तो सातशे वर्षांनी झाला. शिवाय त्यानं दोन्ही गोष्टी लिहून ठेवल्यात. काहीजण म्हणतात भिंतीवरून उडी मारली म्हणून मेला, काहीजण म्हणतात नुसत्या हाणामारीत मेला.

"म्हंजी त्याला ठावं न्हाई," पाटील म्हणाले. "मग लिवलं कावून?"

"ठावं न्हाई हे बी लिवावं लागतं, पाटील."

खालच्या आळीचा पाटील मान खाली घालून बसला होता. दोन्हीकडून मेला तो भाऊच, एवढं त्याला नीट कळलं होतं.

पोळ्याला मी दौत आणि कागद घेऊन वेशीत उभा राहिलो. दोन्ही मानाचे बैल आले. अंगावर झुली, शिंगांना हिंगूळ. काठ्या मात्र कुठं दिसेनात. आणि कोणी पुढं होईना. वरचे पाटील म्हणाले, तुम्ही चला. खालचे म्हणाले, छे, तुम्ही चला. आधी जाणाऱ्याचं काय झालं ते एकानं ऐकलं होतं, आणि भावाला मारणाऱ्याला लोक कसं ध्यानात ठेवतात ते दुसऱ्यानं. पण मान सोडतो असंही कोणी म्हणेना. ऊन उतरलं. घरोघरी पुरणपोळ्या गार झाल्या. बैल कंटाळून घुंगरं वाजवू लागले.

शेवटी खालच्या पाटलानं पुढं होऊन वरच्या पाटलाच्या बैलाचा कासरा धरला, आपला कासरा त्यांच्या हातात दिला, आणि दोन्ही बैल एकदम वेशीत घातले. बरगडीला बरगडी घासली. हिंगूळ भिंतीला लागला, चुना झुलींवर पडला, तोरण चारही शिंगांत अडकून तुटलं. क्षणभर वाटलं, वेसच जाते. मग दोन्ही बैल एकदमच पलीकडं निघाले.

मी कोरा कागद घेऊन तसाच उभा. वरचे पाटील खांद्यावरचा चुना झटकत माझ्याकडं वळले आणि सगळ्या गावासमोर बोलून गेले, "मास्तर, लिवा, आमच्या गावची वेस लई रुंद हाय."