गप्प बसायची शिकवणी

आमच्या नवी मुंबईतल्या कॉलेजच्या ओपीडीत इतकी वर्षं मी शिकवत आलो, म्हणजे बोलत आलो. पेशंट एक वाक्य बोलायचा, मी दहा. मागे विद्यार्थी भिंतीला टेकून माना डोलवायचे. त्यांना सगळं पटतंय असं मी धरून चालायचो. बहुतेक डुलक्या असाव्यात.

मग शिक्षकांसाठी एक कार्यशाळा झाली. विद्यार्थ्याला पेशंट तपासू द्या आणि तुम्ही गप्प बसा, असं तिथल्या मॅडमनी सांगितलं. मला ते इतकं पटलं की मी उठून गप्प बसण्याच्या महत्त्वावर बराच वेळ बोललो.

पुढच्याच ओपीडीत एका विद्यार्थिनीला मी माझ्या खुर्चीत बसवलं आणि स्वतः कोपऱ्यातल्या स्टुलावर बसलो. उकडत होतं म्हणून ॲप्रन काढून ठेवला होता. जवळच्याच बोनकोडे गावातल्या एक आजी आल्या.

"चक्कर येते गो बाय. गरगरतं."

विद्यार्थिनीनं थोडी चौकशी केली, आजींना चालू असलेली बीपीची गोळी लिहून घेतली आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "सर, कानाचा त्रास वाटतोय."

मलाही तसंच वाटत होतं. कान आणि चक्कर हे माझं आवडतं व्याख्यान. मी घसा खाकरला, "हे बघ, आपल्या कानाच्या आत..."

"तू गप रं!" आजी माझ्यावर डाफरल्या. "बाय इचार करते ना. केस पिकले तरी पास झाला नाय काय?"

विद्यार्थिनीनं ओठ दाबून धरले. खुलासा करायला मी तोंड उघडलं, पण आजींची नजर बघून मिटलं. खोलीत शांतता झाली. ती मला फार जड गेली.

त्या शांततेत मुलगी पुन्हा आजींकडे वळली. "आजी, चक्कर नेमकी कधी येते?"

"बिछान्यातून उठले का. मंग बसले का बरं वाटतं."

तिनं आजींना झोपवून बीपी घेतला, मग उभं करून पुन्हा घेतला. उभ्यानं तो चांगलाच खाली आला होता.

"सर, कान नाही. बीपीची गोळी जास्त होतेय यांना."

बरोबर होतं. मी बोललो असतो, तर आम्ही दोघं मिळून कानातच अडकलो असतो. गोळी कमी करून मी सही केली. बाहेर जाताना आजींनी मुलीच्या गालावरून हात फिरवला आणि माझ्याकडे बोट दाखवलं, "याला पन शिकव गो. हलू हलू जमल त्याला."

पुढच्या खेपेला आजी आल्या, तेव्हा चक्कर थांबली होती. खुर्चीत मला बघून त्या दारातच थबकल्या.

"बाय कुठं हाय?"

मी मुकाट्यानं वॉर्डात फोन लावला आणि तिला बोलावून घेतलं.