न मारलेली हाक

माझ्या मेव्हण्याचं पहिलं एकट्याचं उड्डाण अमळनेरजवळच्या त्यांच्याच शेतातून व्हायचं होतं. कापूस निघून पऱ्हाट्या उपटून झाल्या होत्या. पाठीवर इंजिन आणि पंखा, डोक्यावर दोऱ्यांनी जोडलेलं कापडी छत, असं हे पॅरामोटर. तो प्रशिक्षण घेऊन आला होता. मी दोन वर्षं उडत होतो, म्हणून जमिनीवरची जबाबदारी माझी. हेल्मेट, पट्टे, पेट्रोल, वॉकीटॉकी, वारा, एकेक पाहून कागदावर खूण केली. पळायच्या जागेवर दोनदा चालून उरलेसुरले खुंट उपटले.

“दाजी, मन्हा लगीनमा बी इतली तयारी नही व्हती,” मेव्हणा म्हणाला.

“लग्नात पडला असतास तर उचलायला गाव होतं.”

सासूबाईंनी यंत्राला हळदकुंकू वाहिलं, त्याच्या हातावर दहीसाखर ठेवली. मग बांधावर जमलेल्या सगळ्यांना बजावलं, “तो निंघना म्हनजे कोनी टोकानं नही. मागथून हाक तर मारानीच नही.” मी मान हलवली. जावयानं दुसरं काय करायचं? असलं काही मी मानत नाही, अशी माझी समजूत होती.

छत त्याच्या मागं जमिनीवर पसरलेलं होतं. दोऱ्या शेवटच्या पाहून मी मागं बांधाकडे सासूबाईंच्या शेजारी जाऊन उभा राहिलो आणि वॉकीटॉकीवर म्हणालो, “पळ.”

तेवढ्यात झुळूक आली. छताची डावी कड सरकली आणि एक दोरी माझ्या नजरेतून सुटलेल्या खुंटात अडकली. मला दिसलं. सासूबाईंनाही दिसलं, कारण त्यांनी पदर तोंडाशी नेला. वॉकीटॉकी माझ्या ओठांशी होती, अंगठा बटणावर. ‘थांब’ एवढंच म्हणायचं होतं. त्याची तीन-चार पावलं पडली तेवढा वेळ माझ्याकडे होता. शब्द ओठांवर आला आणि मी तो गिळला. निघालेल्या माणसाला टोकू नये, हे माझ्याही अंगात किती खोल बसलंय ते मला तोवर ठाऊक नव्हतं.

छत तिरकं चढलं. दोरी ताणून सुटली, तो माणूसभर उंच उचलला गेला आणि डाव्या अंगावर आपटला. मग मी ओरडलो.

नडगी दोन ठिकाणी मोडली होती. सळई घालावी लागेल, पूर्वीसारखं चालता येईल का ते आत्ताच सांगता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले.

“मले दिसनं व्हतं रे,” खाटेशी बसून सासूबाई रडत म्हणाल्या. “पन निंघेल मानसले कसं टोकानं?”

“वा, आई. मुहूर्त सांभाळा, पोरगं पडू द्या,” मेव्हणा म्हणाला. मग माझ्याकडे वळला. “दाजी, तुमले नही दिसनं का?”

“नाही,” मी म्हणालो. “धूळ फार होती.”

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग पदरानं डोळे पुसले.

तेव्हापासून तो आईशी धड बोलत नाही. मी दर रविवारी शिंदखेड्याहून जातो, त्याच्या औषधांच्या वेळा लिहून देतो, काठीच्या आधारानं त्याला अंगणात चालवतो. आज सांगायचंच, असं वाटेत ठरवलेलं असतं. सासूबाई चहा आणतात. माझा कप माझ्या हातात देतात. त्याचा मात्र खाली ठेवून निघून जातात, कारण त्यांच्या हातून तो घेत नाही. तो कप उचलून मी त्याला देतो, आणि तो पितो.