नंदिनीचं नाव कोणी घेतलं?

या सदरातले निम्मे अनुभव मला थापा वाटतात. भूतबित मी मानत नाही. चौथी शिकलेली बाई आहे, पण डोकं ठिकाणावर आहे. तरी हे लिहिते, कारण हे मला अजून सुटलेलं नाही.

भिलाईत कारखाना उभा राहत होता तेव्हाची गोष्ट. आम्ही भंडाऱ्याकडचे. मालक उंच मचाणावर लोखंड जोडायचे. धाकटी बहीण शांता जवळच्या नंदिनी गावाला, चुनखडीच्या खाणीच्या कॅम्पात राहायची. तिचे दिवस भरले होते. एका सकाळी ट्रकवाल्याने निरोप आणला – पोट दुखतंय, घरात कोणी नाही, लवकर ये.

मी बस धरली. मालकांचं नाव नंदाजी, म्हणून नंदिनी हा शब्द मी कधी तोंडातून काढायची नाही. नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य घटतं, असं सासूने डोक्यात भरलेलं. आणि माणूस रोज मचाणावर! पुढचं गाव अहिवारा, म्हणून मी तिकीट मागताना 'अहिवाऱ्याच्या अलीकडचं' म्हणायची. जुना कंडक्टर समजायचा.

पण बसचा रस्ता बदलला होता, हे मला कुठे ठाऊक? आधी ती कॅम्पात शिरायची. आता नव्या रस्त्याने सरळ अहिवाऱ्याला. नंदिनीचा नुसता फाटा, तोही कोणी सांगितलं तरच थांबा. कंडक्टरही नवा.

"अलीकडे क्या होता है, बाई? गाँव का नाम बोलो."

"खदान," मी म्हटलं.

"इधर सब तरफ खदान है. कौन सी?"

"नाम नहीं लेगी," मागून कोणी बोललं, "आदमी का नाम होगा!" सगळे हसले. कंडक्टरने वैतागून अहिवाऱ्याचं तिकीट फाडलं.

बाहेर मुरमाचे ढीग, उघडं रान... ओळखीचं काहीच दिसेना. फाटा गेला की यायचा, कळेना. परतीची बस संध्याकाळी. तिकडे शांता एकटी. शब्द ओठांपर्यंत यायचा आणि मचाण डोळ्यांपुढे उभं राहायचं. मी पदर दातात धरला.

तेवढ्यात मागच्या बाकावरून – "ताई, नंदिनी आली, उतर!"

शांताचा आवाज. ड्रायव्हरने ब्रेक मारला.

"इतनी देर गूंगी थी क्या?" कंडक्टर माझ्यावर भडकला.

"मी नाही बोलले."

"तो पीछे कौन बोला?"

मागे सगळे बाप्येच होते, बाई एकही नाही. तेही एकमेकांची तोंडं पाहत होते.

मी फाट्यावरून पळत सुटले. पोचले तेव्हा बाळ बाहेर आलं होतं, नाळेचा वेढा गळ्याला. मी तो काढला, पाठ चोळली. बऱ्याच वेळाने पोरगी रडली.

"तू मले हाक मारली होती का वो?" मी शांताला विचारलं.

"कावून मारीन? बाजूले सारे बाप्ये राह्यतात. ऐकू जाईन म्हणून लुगड्याचा बोळा कोंबला होता तोंडात."

बोळा उशीजवळ पडला होता. ओला, दातांनी फाटलेला.

त्यानंतर मी बसमध्ये नंदिनी असं मोठ्याने सांगू लागले. सासू म्हणाली, "माझ्या पोराच्या जिवावर उठली!" मालक नोकरी पुरी करून, माझ्याशी भांडत भांडत म्हातारे होऊन गेले.

तो आवाज कोणाचा, मला माहीत नाही. शांताला विचारलं की ती चिडते. मला एवढंच कळलं, जे मी बोलायचं होतं ते दुसऱ्या कोणाला तरी बोलावं लागलं.