दोनशे मीटरचा वळसा

धोंडिराम परब बावीस वर्षं दहिसरला पार्सलचा टेम्पो चालवत होते. त्यांची रीत साधी. सकाळी रुळांची सगळी पूर्व बाजू उरकायची, डबा खायचा, मग एकदाच उड्डाणपूल ओलांडून पश्चिमेला जायचं. एवढ्या वर्षांत कंपनीच्या डिझेलच्या थेंबालाही त्यांनी चोरून हात लावला नव्हता, आणि त्याचा त्यांना भारी अभिमान होता.

मग कंपनीला अचानक पृथ्वीची काळजी वाटू लागली. अंधेरीच्या थंडगार ऑफिसात बसून उंटावरून शेळ्या हाकणाऱ्या निलेशसाहेबांनी अ‍ॅप आणलं. आता रस्ता अ‍ॅप ठरवणार, धूर कमी होणार! अ‍ॅपने पूर्वेच्या चाळीनंतर लगेच पश्चिमेची इमारत दाखवली. अंतर दोनशे मीटर.

"साहेब, तो रुळांवरचा चालायचा पूल आहे. टेम्पो काय डोक्यावर घेऊन जिने चढू?"

"काका, अल्गोरिदम आहे तो. तुम्ही फक्त फॉलो करा ना."

धोंडिरामांनी केलं. रोज आठ वेळा उड्डाणपुलाचा वळसा. पुलाखाली भाजी विकणाऱ्या वसुधाताई नाकाला पदर लावून विचारायच्या, "परबांनू, आज कितवी फेरी?"

अहवाल मात्र झकास आला. तो अ‍ॅपच्या दोनशे मीटरवरून केला होता, टेम्पोच्या चाकांना कोणी विचारलंच नव्हतं. धूर तीस टक्के कमी! सकाळी टाळ्यांच्या गजरात धोंडिरामांना बक्षीस म्हणून कडुनिंबाचं रोप मिळालं. दुपारी त्याच हातात निलेशच्या सहीची नोटीस पडली: गाडी कमी धावली, डिझेल दुप्पट लागलं, चोरीचा खुलासा करा, नाहीतर उद्यापासून येऊ नका. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

दुसऱ्या दिवशी त्यांनी निलेशला चाळीपाशी बोलावलं आणि रोप त्याच्या हातात दिलं. "साहेब, तुम्ही पुलावरून चालत व्हा पुढे. मी टेम्पो घेऊन आलोच."

निलेश तीन मिनिटांत पलीकडे पोचला. टेम्पो आला पन्नास मिनिटांनी. तोवर उन्हात साहेबांचा शर्ट भिजला होता आणि रोपाने मान टाकली होती.

निलेशने तिथल्या तिथे नोटीस रद्द केली.

"आता नकाशाही सुधारा ना, साहेब."

"ते नाही जमणार, काका." त्याचा आवाज खाली गेला. "तीस टक्के वर कळवलेत. मोठ्या साहेबांना त्यावर पुरस्कार मिळतोय."

धोंडिरामांनी रोप सीटवर ठेवलं, त्याला बाटलीतलं पाणी घातलं. तेवढ्यात फोन बोलला: पुढचं ठिकाण पूर्वेला, दोनशे मीटर, सरळ जा.